माझा एजंट परीक्षा पास आहे

टेकडीसमोरची_बाल्कनी

मे २०२४ मध्ये महारेराने (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने) सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली, ती बातमी वाचून मी घरात एकट्यानेच टाळी वाजवली होती. आपलं ध्यानही त्यात असणार, या आशेने साइटवर जाऊन नाव शोधलं. सापडलं. नोंदणी चालू, एजंटांना सक्तीच्या केलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र जोडलेलं. माझा एजंट परीक्षा पास आहे.

आता या हुशार विद्यार्थ्याचा पराक्रम ऐका. २०२३ च्या दिवाळीआधी कोथरूडला एक रीसेल टूबीएचके बघितला. इमारत २००४ ची, लिफ्ट कुरकुरणारी, पण बाल्कनीतून टेकडी दिसायची, बायको तिथेच विरघळली. एजंट म्हणाला, "मालकांकडे अजून दोन पार्ट्या आहेत, आजच टोकन टाका." कार्डावर महारेराचा नंबर ठळक छापलेला. मी १ लाख रुपये त्याच्याच खात्यात टाकले. (हो, कळलं. शिव्या शेवटी द्या.) आठवड्याभरात किंमत ४ लाखांनी वाढली, मी नाही म्हटलं. मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "कसलं टोकन?"

पुढच्या वर्षभरात ४० हजार परत आले. पाच-पाच हजार करत, दरवेळी "दादा, मार्केट थंड आहे" या प्रसादासकट. उरलेल्या ६० चं नाव काढलं की फोन बंद.

त्या २० हजार जणांवर कारवाई झाली ती प्रमाणपत्र घेऊन साइटवर चढवलं नाही म्हणून. त्याआधी १३ हजारांहून जास्त नोंदण्या रद्द झाल्या, त्या नूतनीकरण केलं नाही म्हणून. याला शिस्त म्हणायचं का? शाळेत वही आणली नाही म्हणून अंगठे धरून उभं करायचं आणि डबा चोरणाऱ्याला मॉनिटर करायचं, असला प्रकार आहे.

माझं मत: टोकन एजंटच्या खात्यात घेणं हाच गुन्हा ठरवा, त्याच्यावरच्या तक्रारी त्याच्या नावापुढे सगळ्यांना दिसू द्या, आणि बुडालेले पैसे कुठून तरी परत मिळण्याची सोय करा. बोला.

काळा_कोट

वाईट वाटेल, पण सांगतो. तुमचा व्यवहार महारेराच्या कक्षेत येतच नाही.

रेरा कायदा २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ पासून. त्यातल्या कलम ९ प्रमाणे एजंटला नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातली घरं-प्लॉट विकायला. २००४ मध्ये पूर्ण होऊन लोक राहायला गेलेली इमारत हा असा प्रकल्पच नाही. नंबर खरा असेल, पण तो दुसऱ्या धंद्याचा. किराणा दुकानाचं लायसन भिंतीवर लावून औषधं विकल्यासारखं.

आणि समजा नव्या टॉवरमधला फ्लॅट असता, तरी काय झालं असतं? नोंदणी नसताना दलाली केली तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार दंड, कमाल त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. प्राधिकरणाचा आदेश मोडला तर कलम ६५, तिथेही वरची मर्यादा ५ टक्के. ऐकायला झकास. पण कलम ७६ वाचा: दंडाची रक्कम राज्य सरकारच्या खात्यात जमा होते. नुकसानभरपाई ठरवायचं कलम ७१ हे १२, १४, १८ आणि १९ या कलमांना जोडलेलं आहे आणि त्यातली पैसे द्यायची जबाबदारी बिल्डरवर आहे. एजंटने बुडवलेल्यांच्या भरपाईसाठी वेगळं दारच ठेवलेलं नाही.

तुमच्यापुरतं: वसुलीचा दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं, तेव्हा गप्पा कमी करा. मालकाच्या नावाने पैसे घेऊन स्वतःकडे ठेवले, म्हणजे विश्वासघाताची फौजदारी तक्रारही होते. ग्राहक आयोगातही जाता येईल, पण दलाली दिली नसेल तर तुम्ही 'ग्राहक' आहात की नाही यावरच समोरचा सहा तारखा घालवेल.

टेकडीसमोरची_बाल्कनी

@काळा_कोट, म्हणजे तो नंबर बघून मी जो विश्वास टाकला त्याला अर्थच नव्हता?

काळा_कोट

एवढाच की तो माणूस कुठे राहतो ते सरकारला ठाऊक आहे.

दोन्हीकडचा_दलाल

वसई-विरार पट्ट्यात १४ वर्षं हेच काम करतोय, म्हणून बोलतो. नाव मुद्दाम घेतलंय, तुम्ही मागून तेच म्हणता.

तुमचे पैसे खाल्ले त्याला मी आमच्यातला मानत नाही. पण त्या २० हजारांना "अंगठे धरणारे" म्हणून हसू नका. त्यात माझे एक ज्येष्ठ मित्र होते. वय ५८, ज्यांनी आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही. जानेवारी २०२३ मध्ये आदेश आला, वर्षभरात २० तासांचं प्रशिक्षण घ्या, ऑनलाइन परीक्षा द्या, प्रमाणपत्र चढवा. त्यांना स्वतःचा ईमेल पासवर्ड आठवत नाही. त्यांच्या मुलाने "बघू" म्हटलं आणि वर्ष गेलं.

मी परीक्षा दिली. वाईट नव्हती, उलट कार्पेट एरिया आणि करारनाम्याबद्दल मीच चार गोष्टी नव्या शिकलो. पण पहिल्याच परीक्षेत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक पास झाले. नियत तपासणारी परीक्षा कुणी काढलेली नाही, त्यामुळे "परीक्षा पास होऊन चोरी केली" हा टोमणा परीक्षेला लागू होत नाही. डॉक्टरही पास होऊनच चुकतात.

खरा राग वेगळा आहे. १० हजार फी भरतो, जीएसटी भरतो, जाहिरातीत नंबर टाकतो. आणि शेजारच्या सोसायटीत वॉचमन, इस्त्रीवाला आणि (हसू नका) खुद्द सेक्रेटरी भाडेकरू आणून दलाली खातात. त्यांना नोटीस कोण पाठवणार, कुठल्या पत्त्यावर? ज्याची नोंद आहे त्यालाच काठी बसते, कारण तोच हाताशी आहे.

फुकट_सल्ला

मी उलट्या टोकाचा. लायसन हाच रोग आहे.

धागाकर्त्याने १ लाख का दिले? कार्डावर नंबर होता म्हणून. नंबर नसता तर त्याने मालकाला आधी फोन केला असता, इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीचा सरकारी उतारा) काढला असता, सोसायटीत चौकशी केली असती. सरकारी शिक्क्याने माणूस बेसावध होतो, आणि लबाड माणूस सगळ्यात आधी शिक्का मिळवतो. आमचे आजोबा गिरगावातून डोंबिवलीला आले तेव्हा मध्ये असलेल्या माणसाकडे फक्त तोंडाचा शब्द होता. त्याने फसवलं असतं तर त्याला त्या आळीत पुन्हा कुणी चहा पाजला नसता.

अजून कायदे केलेत तर फी वाढेल, दलाली वाढेल, बिल तुम्हीच भराल.

काळा_कोट

@फुकट_सल्ला, आळीतल्या चहाची धमकी आळी असेपर्यंत चालते. हिंजवडीत नोकरीला आलेल्या नांदेडच्या मुलाने कुणाचा चहा बंद करायचा?

अकरा_महिने

मीच ती मुलगी समजा. नांदेड नाही, परभणी.

तुम्ही सगळे खरेदीवर भांडताय. भाड्याबद्दल कुणी काही बोलेना. बाणेरमध्ये पाच वर्षांत चार घरं, दरवेळी एक महिन्याचं भाडं दलाली, आणि मालकाकडूनही वेगळी. करार त्याच घराचा वाढवला, तर त्याचेही अर्ध्या महिन्याचे पैसे मागितले. कशाचे? पीडीएफमधली तारीख बदलल्याचे. पावती मागितली की "मॅडम, तुम्हाला घर पाहिजे की पावती?"

भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची. दलाल या प्राण्याला त्यात काही शिस्त लावलेली नाही. "बॅचलर नको, नॉनव्हेज नको, आडनाव काय?" हे प्रश्न मालकाच्या तोंडून मी क्वचित ऐकले. विचारतो तोच. त्याच्याबद्दल तक्रार करायची खिडकी कुठे आहे ते सांगा, मी सुट्टी टाकून रांगेत उभी राहते.

मरीना_बे_मावशी

सिंगापूरला १७ वर्षं झाली, इथलं सांगते. २०१० मध्ये इथे इस्टेट एजंट्स कायदा आला आणि एजंटांवर देखरेख करणारी एक वेगळी परिषद स्थापन झाली. नवं घर, जुनं घर, भाडं, सगळं तिच्याच अखत्यारीत. आणि टेकडीवाल्या भाऊंसाठी खास: घराच्या खरेदी-विक्रीचे पैसे एजंटने हातात घ्यायचेच नाहीत. टोकनही नाही. एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचं प्रतिनिधित्वही करायचं नाही.

परिषदेच्या नोंदवहीत एजंटचं नाव टाकलं की त्याच्यावर झालेली शिस्तभंगाची कारवाई दिसते. २०२१ पासून शिस्तपालन समिती एजंटला एका प्रकरणात १ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत दंड करू शकते. माझ्या मुलीने भाड्याचं घर बघताना एजंटच्या आधी त्याची नोंद बघितली होती. इथेही लबाड आहेत हो. पण लबाडीला जागा कमी ठेवलेली आहे.

दोन्हीकडचा_दलाल

मावशी, आदर आहे, पण तिथला एजंट कुठल्या तरी परवानाधारक कंपनीच्या हाताखाली असतो. एकाने घोळ घातला की कंपनीलाही जाब द्यावा लागतो. आमच्याकडे गाळा, टेबल, पंखा आणि एक माणूस. माझ्या वर कोण? शनिदेव.

दोन्ही बाजूंचं म्हणाल, तर इथे मालकच सांगतो, "माझ्याकडून काही मिळणार नाही, पार्टीकडून घ्या." मग मी कुणाचा? ज्याने पैसे दिले त्याचा की ज्याच्या हातात किल्ली त्याचा? हे बदला म्हणाल तर माझा हात वर. पण फक्त मला दंड लावून ते बदलणार नाही.

टोकनच्या मुद्द्यावर मात्र मी धागाकर्त्याबरोबर. माझ्याकडे चेक मालकाच्या नावाने, पावतीवर मालकाची सही. नाहीतर व्हिजिट नाही.

फ्रीमाँटची_फोडणी

भरपाईच्या निधीचा विषय निघालाच आहे म्हणून कॅलिफोर्नियाची भर. इथे लायसनधारकांच्या फीमधून असा निधी चालतो. एजंटने फसवलं आणि त्याच्याकडून वसुली होत नसेल, तर एका व्यवहारापोटी ५० हजार डॉलरपर्यंत, आणि एका लायसनधारकामागे एकूण अडीच लाखांपर्यंत मिळू शकतात. निधीतून पैसे गेले की त्याचं लायसन आपोआप बंद, व्याजासकट परत भरेपर्यंत. हे मला फार आवडतं.

पण पाणी घालते. आधी फसवणुकीचा निकाल कोर्टातून मिळवायचा, मग तो वसूल होत नाही हे दाखवायचं, मग अर्ज. आमच्या ओळखीत एकांनी वकिलाचा खर्च मोजला आणि नाद सोडला.

टेकडीसमोरची_बाल्कनी

@फ्रीमाँटची_फोडणी, तरीही निधी हवाच. महाराष्ट्रात ४७ हजारांच्या आसपास एजंट नोंदले गेले होते. प्रत्येकाच्या फीतला थोडा भाग बाजूला ठेवला असता तर माझे ६० हजार त्यात चिल्लर होते.

दोन्हीकडचा_दलाल

म्हणजे चोरी त्याने करायची आणि वर्गणी मी भरायची? गणपतीची भरतो तेवढी पुरे.

फुकट_सल्ला

👆 पहिल्यांदाच दलालाशी सहमत. धागा फ्रेम करून ठेवा.

काळा_कोट

@दलाल, विम्याचं तत्त्व तेच आहे, त्यात एवढं चिडण्यासारखं नाही. निधीतून पैसे जायला लागले की तुमच्यातलेच लोक लबाडाला बाहेर काढायला पुढे येतील. आत्ता तुम्ही "तो आमच्यातला नाही" म्हणून मोकळे होता.

@टेकडी, पण तुमच्याशीही पटत नाही. तुम्हाला वाटतं कारवाई कागदावर झाली म्हणून ती फालतू. कलम ९ मध्येच लिहिलंय की म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नोंदणी स्थगित किंवा रद्द करता येत नाही. प्रमाणपत्र नाही, हे एका नोटिशीत सिद्ध होतं. फसवलं, हे सिद्ध करायला तक्रारदार लागतो, ५ हजार फी भरून तारखांना येणारा. तुमच्यासारखे लोक तक्रार न करता पाच-पाच हजार मोजत बसतात, मग नोंदवहीत त्याच्या नावापुढे काय दिसणार?

कायदा रीसेल आणि भाड्यापर्यंत न्यायला हवा, यात मला शंका नाही. हरियाणाने २००८ मध्येच प्रॉपर्टी डीलरांना परवाना लावणारा वेगळा कायदा केला होता, तेव्हा राज्यांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. पण भाड्याच्या प्रत्येक दलालाची नोंद घ्यायची तर तालुक्याला माणूस लागेल. रेराची थकीत रक्कमसुद्धा कलम ४० खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची, म्हणजे शेवटी काम त्याच तहसील कार्यालयात, पीक पंचनामे आणि निवडणुकीच्या याद्यांच्या ढिगाखाली.

अकरा_महिने

तालुक्याला माणूस नको. दलालीची पावती सक्तीची करा, त्यावर नोंदणी क्रमांक, आणि करार ऑनलाइन नोंदवताना दलाल कोण, किती घेतले, असे दोन रकाने वाढवा. खोटं लिहिलं तर तिथेच सापडेल. इस्त्रीवाल्याचंही नाव येऊ दे, माझी हरकत नाही. त्याने कपडे तरी वेळेवर दिले.

दोन्हीकडचा_दलाल

ताई, रकान्याची कल्पना चांगली आहे. पण अर्धे गिऱ्हाईकच म्हणतील, "लिहू नका हो, थोडं कमी घ्या." मागच्या आठवड्यातच एक साहेब, बँकेत ऑफिसर, बिल नको म्हणून माझ्याशी पंधरा मिनिटं भांडले.

टेकडीवाले, मला त्याचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुण्यातल्या एजंटांच्या दोन ग्रुपवर मी आहे. इथे लिहू नका, बदनामीचा दावा ठोकेल.

फुकट_सल्ला

घ्या! आळीचा चहाच निघाला शेवटी.

टेकडीसमोरची_बाल्कनी

@दलाल, व्यनि केला आहे. @काळा_कोट, नोटीस वकिलाकडे लिहायला दिली, बँकेच्या नोंदी जोडल्या. काल रात्री हे त्याला फक्त मेसेजवर कळवलं, तर सकाळी १० हजार जमा. सोबत नेहमीचंच: "दादा, मार्केट थंड आहे." ५० राहिले.