हेवी लायसन्स आणि घाट

‘हेवी लायसन्स (ट्रकसारख्या जड गाड्यांचा परवाना) हातात आलं की गोव्यात काम मिळतंच’ असं कोणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सांगे, धारबांदोडा भागातले कितीतरी टिपरवाले (खनिजाच्या ट्रकचे ड्रायव्हर) रिकामे झाले. दहा-दहा वर्षं खनिज ओढलेला माणूस रांगेत असताना नवख्याला कोण विचारणार?

मला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत तीन ठिकाणी एकच प्रश्न आला, ‘घाट मारलाय?’ म्हणजे घाटात गाडी चालवलीय का. लायसन्स कोणी उघडूनसुद्धा बघितलं नाही. शेवटी एका बेळगावच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढलो, पगार सांगण्यासारखा नव्हता. गोवा-कर्नाटक हद्दीवरचा अनमोड घाट उतरताना मामा (आमचे ड्रायव्हर) ब्रेकला जवळजवळ पाय लावत नसत, दुसऱ्या गिअरवरच गाडी धरायचे. पुढच्या ट्रकच्या, सारखा दाबून तापलेल्या ब्रेक-लायनरचा जळका वास आला की म्हणायचे, ‘बघ, हा शिकलेला नाही.’ पाच महिन्यांनी घाटाच्या पायथ्याच्या मोल्याच्या पुढे सपाटीला रिकामी गाडी हातात दिली, भरलेली त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. पुढचं काम मिळालं ते मामांच्या एका फोनवर. त्यामुळे अर्ज करत बसण्यापेक्षा आधी घाटात जाणारी गाडी शोधा, क्लीनर म्हणून का होईना.