मदत हवी आहे : सेन्सरी अडचणी असलेल्या मुलाला घरी नेमके काय द्यावे?

नदीकाठ : माझ्या मुलाला संवेदनांच्या प्रक्रियेत, म्हणजे स्पर्श, आवाज, हालचाल यांच्या जाणिवा हाताळण्यात, अडचण असल्याचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांत अडचण असणाऱ्यांना उपचार देणाऱ्या) बाईंनी सांगितले असून, ‘घरी सेन्सरी अ‍ॅक्टिव्हिटी द्या’ एवढेच कागदावर लिहून दिले आहे. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे. रंगवलेले तांदूळ मी परातीत मांडले, तर त्याने हात न लावता परातच उलटवली. कृपया उपाय सांगा. ‘धीर धरा’ असे लिहू नये, तो धरूनच लिहीत आहे.

पाटवरवंटा : मुलाचे वय आपण लिहिलेलेच नाही. त्याला स्पर्श आणि आवाज नकोसे होतात, की तो उड्या आणि धडका शोधत असतो, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

तेलवाटी : रोज रात्री कोमट खोबरेल तेलाने मालिश करा. माझी भाची त्यानेच शांत झोपू लागली.

पाटवरवंटा : ज्याला तांदळाचे दाणे सोसत नाहीत, त्याला तेलकट हात सोसतील असे आपल्याला का वाटते?

नदीकाठ : वय साडेचार. मिक्सर लावला की कान झाकून मोरीत जाऊन बसतो, नखे कापताना दोघांनी धरावे लागते, सदऱ्याच्या गळ्यामागची पट्टी कापून टाकावी लागते. आणि हाच मुलगा दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो. कानांची तपासणी झाली आहे, ती व्यवस्थित आहे.

सदाशिव६२ : मोबाईल बंद करा, सगळे ठीक होईल.

नदीकाठ : मोबाईलचा उल्लेख मी कुठेही केलेला नाही.

कणीकवाली : ताई, एकाच मुलात दोन्ही गोष्टी असू शकतात. संवेदनांच्या प्रक्रियेची कल्पना मांडणाऱ्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स बाईंनी स्पर्शाइतकाच भर तोलावर आणि स्नायू-सांध्यांतून मिळणाऱ्या जाणिवेवर दिला होता, आणि आमच्या घरी तिथूनच सुरुवात लागू पडली. अर्धी भरलेली बादली ओढणे, भिंतीला टेकवलेली गादी ढकलणे, चटई घट्ट गुंडाळणे अशी जोराची कामे त्याला द्या. सैलसर कणीक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड नीट बांधा आणि बाहेरून दाबू द्या, म्हणजे हाताला काही चिकटत नाही. परातीत आधी डाव आणि वाटी ठेवा, हात घालण्याचा आग्रह नको. मिक्सर लावण्यापूर्वी सांगा, आणि बटण त्यालाच दाबू द्या. धान्य नाकातोंडात जाऊ नये म्हणून शेजारी बसून राहा.

शंकेखोर : २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची मानसिक विकारांची सूची) संवेदनांच्या प्रक्रियेतील अडचण हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला नाही, संवेदनांना तीव्र किंवा मंद प्रतिसाद हे तिथे स्वमग्नतेच्या निकषांत येते. तेव्हा घरगुती खेळांवर विसंबून न राहता विकासाची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तिथे विचारता येईल.

कणीकवाली : तपासणी अवश्य व्हावी, पण विकाराचे नाव ठरेपर्यंत नखे वाढायची थांबत नाहीत.

नदीकाठ : काल बंद पिशवीतली कणीक त्याने बराच वेळ दाबली आणि पिशवी उशाशी घेऊन झोपला. मिक्सरचे बटण दाबण्यास नकार दिला, मात्र मोरीत न जाता स्वयंपाकघराच्या दारात कान झाकून उभा राहिला. केंद्राची चौकशी सोमवारी करते. नखांचे काय करावे, हे मात्र अद्याप कोणीच लिहिलेले नाही.