थोरला बुजरा, धाकटी धीट: एकाच घरात असं कसं?

शेवग्याची_शेंग:
बी.एड.चा पेपर तोंडावर आलाय. फ्रॉइड, अॅडलर, एरिक्सन ही मानसशास्त्रातली मंडळी वाचताना डोळ्यांपुढे माझीच दोन पोरं येतात. थोरला सात वर्षांचा. गॅसवाला आला की दाराच्या पडद्यात शिरतो. परवा शेजारच्या वाढदिवसाला अर्धा तास बुटांसकट उंबऱ्यात उभा, आणि नंतर घरी यायला तयार नाही! धाकटी चारची. तिने गॅसवाल्याला "काका, टाकीच्या आत काय असतं?" विचारून पार भंडावलं. सासूबाई म्हणतात, पहिल्याला तू फार जपलंस. नोट्समध्ये अॅडलरही तसंच काहीसं म्हणतो. म्हणजे माझंच चुकलं?

थोरली_पाती:
मी पण थोरला. धाकटा आला आणि आपली गादी गेली, हा अॅडलरचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो.

पाटीपेन्सिल:
व्यक्तिमत्त्वाचा पेपर मी २६ वर्षं शिकवला, त्यातली निम्मी वर्षं जन्मक्रम, म्हणजे थोरलं-धाकटं यावरून स्वभाव घडतो हे, अगदी छातीठोकपणे. ऐकायला गोड लागतो ना! पण २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,००० हून जास्त लोकांची माहिती तपासली, तेव्हा बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य वगैरेंवर जन्मक्रमाचा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. (अॅडलर स्वतः दुसरा. थोरल्या भावाचं नाव सिग्मंड. पुढे १९११ मध्ये भांडण झालं तेही सिग्मंडशीच, फ्रॉइड आडनावाच्या.)

ताई, तुम्ही थॉमस आणि चेस वाचा. न्यूयॉर्कचं मनोविकारतज्ज्ञ जोडपं. १९५६ पासून त्यांनी १३३ मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. भूक-झोप किती नेमानं लागते, नवं माणूस दिसलं की बाळ पुढे होतं की मागे सरतं, अशा नऊ गोष्टी टिपल्या. ४० टक्के मुलं सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात बसेनात, आणि त्यांनी ती कोंबलीही नाहीत, हे मला फार आवडतं. तुमचा उंबऱ्यातला मुलगा तिसऱ्या खणातला दिसतो. त्यांच्या मते त्रास स्वभावाने होत नाही. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांची अपेक्षा यांचं जुळलं नाही की होतो. अशा मुलाला ढकलू नका, अर्धा तास आधी न्या.

उलटतपासणी:
मी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलच्या बाजूचा. त्याने १९६८ मध्येच विचारलं होतं, की माणूस सगळीकडे सारखाच वागतो हे ठरवलं कुणी? हा मुलगा आजोळी कसा असतो?

शेवग्याची_शेंग:
आजोळी? गाडीतून उतरला की थेट गोठ्यात. वासराच्या तोंडात हात घालतो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पाटीपेन्सिल:
वासरू नाव विचारत नाही, इयत्ता विचारत नाही. पण मिशेलचा मुद्दा रास्त आहे, पेपरात जरूर लिहा.

शेवग्याची_शेंग:
आठवड्याने लिहितेय. पोहण्याच्या क्लासला अर्धा तास आधी नेलं. दोन दिवस पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले, बस. तिसऱ्या दिवशी आपणहून उतरला. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "याचा बाप बालवाडीत महिनाभर दाराशीच उभा होता की." हे आत्ता सांगताहेत! आणि तो बाप हल्ली दारोदार फिरून विमा विकतो.