ब्राझिलच्या आधुनिक कवितेची लय: बोलण्यातली की बांधणीतली?

सांजवारा
माझं मत असं की या कवितेला लय दिली ती लोकांच्या बोलण्यानं, छंदशास्त्रानं नाही. १९२२ च्या फेब्रुवारीत साओ पाउलोच्या म्युनिसिपल थिएटरात मॉडर्न आर्ट वीक झाला, तिथे कवी मानुएल बान्देइराची बेडकांवरची कविता वाचली तर लोकांनी हुर्यो उडवली, कारण तिच्यात छंद घोटत बसणाऱ्या कवींचीच खिल्ली होती. आणि त्याची ट्रेनवरची कविता घ्या, सुरुवातीलाच ‘काफे कों पांव’ म्हणजे कॉफी-पाव असं तीनदा येतं, मोठ्यानं म्हणून बघा, इंजिनाचा ठेका आपोआप धरला जातो. पुढे उसाच्या मळ्यातलं गाणं आहे, तिथे शब्दांचे शेवटचे ‘ल’ सरळ खाल्लेत, खेड्यातली माणसं बोलतात तसे. शुद्ध पोर्तुगीजमधे तो वेग आलाच नसता.

कवडसा
नाही पटलं. पोर्तुगीज छंदात ओळीतल्या शेवटच्या आघातापर्यंतच, म्हणजे जोर देऊन म्हटलेल्या शेवटच्या अक्षरापर्यंतच, अक्षरं मोजतात, म्हणजे ‘ल’ खा नाहीतर ठेवा, ओळ तेवढीच राहते. वेग येतो तो ओळी आखूड केल्यामुळे. ‘पासा पोंते, पासा पोस्ते’, पूल गेला, खांब गेला, तीन-तीन अक्षरं. ही बांधणीच झाली ना! आणि कवी जोआओ काब्राल द मेलो नेतोचं काय करणार? संगीत आवडत नाही असं उघड सांगणारा माणूस, प्रत्येक ओळ तासून बसवणारा.

सांजवारा
मोजणी बरोबर आहे, पण ओळ उघड्या ‘आ’वर सुटली की पुढची लगेच येऊन भिडते, हे कानाला कळतं, बोटांवर मोजून नाही कळत. आणि काब्राल तर माझ्याच बाजूचा! सेवेरिनोवरचं त्याचं काव्यनाट्य बहुतेक सात अक्षरी ओळीत आहे, ती ईशान्य ब्राझिलच्या कोर्देलची, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या पद्य-पुस्तिकांची ओळ. लहानपणी तो साखरमळ्यावरच्या मजुरांना त्याच वाचून दाखवायचा. म्हणून तर गायक-संगीतकार शीकु बुआर्कीला १९६५ च्या प्रयोगासाठी त्याला चाली लावता आल्या.

पानगळ
तुम्ही दोघंही कानातच अडकलात. काँक्रीट कवींनी, म्हणजे अक्षरांची पानावरची मांडणी हाच कवितेचा भाग मानणाऱ्यांनी, १९५८ च्या जाहीरनाम्यात ओळीचं युगच संपलं म्हणून सांगितलं. देसियो पिग्नातारीची कोका-कोलावरची कविता लाल पानावर पांढऱ्या अक्षरात छापली होती, ‘बेबा कोका कोला’ म्हणजे ‘कोका-कोला प्या’ या जाहिरातीचीच अक्षरं उलटीपालटी होत शेवटी ‘क्लोआका’ म्हणजे गटार होतं. ती लय डोळ्यांनी वाचायची आहे.

सांजवारा
‘बेबा, बाबे, काकू, कोला, क्लोआका’ हे न पुटपुटता वाचून दाखवा, मग मानतो.