वाडीवरच्या झेडपी शाळेला वर्गखोल्यांचा निधी मिळवायचा तर मागणी कुठे आणि कशी लावायची?

वाडीवरची आई
नमस्कार. आमच्या वाडीवर जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवी शाळा आहे. पट 68, शिक्षक तीन, खोल्या चार. त्यातल्या दोन बंद आहेत: एकीच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात, दुसरीचे कौलांखालचे वासे कुजलेत. पाचही वर्ग उरलेल्या दोन खोल्यांत बसतात. तालुक्याच्या मोठ्या शाळेला मात्र नव्या खोल्या, पेव्हर ब्लॉक, कमान सगळं मंजूर होतं. शाळा व्यवस्थापन समितीचे अर्ज दिलेत, उत्तर एकच, "निधी आला की बघू." नेमकं कुणाकडे, कोणत्या कागदांनिशी जायचं? ग्रामपंचायतीच्या पैशातून काही होईल का?

मोजमाप पुस्तक
ताई, अर्ज बाजूला ठेवा, आधी शाळेची यू-डायसची (दरवर्षी भरायच्या सरकारी शाळा-नोंदीची) माहिती बघा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेतून खोल्यांची गरज काढतात ती तिथल्या आकड्यांवरून. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 61 ते 90 पटाला तीन शिक्षक, प्रत्येक शिक्षकामागे एक खोली आणि शिवाय कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक मिळून एक. म्हणजे तुमची गरज चार, आणि कागदावर खोल्याही चारच. पडक्या दोन्ही खोल्या तिथे "चांगली" किंवा "किरकोळ दुरुस्ती" या रकान्यात असतील तर तुमची मागणी शून्य दिसते. माझ्या मते बहुतेक वाड्यांवरच्या शाळा इथेच मागे पडतात.

माहितीची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. मुख्याध्यापक भरतात, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी पातळीवर तपासणी होते. एकदा त्या माहितीला कुलूप लागलं की आकड्यांतली दुरुस्ती थेट पुढच्या वर्षी. तेव्हा ऑगस्टमध्येच समितीने छापील प्रत मागून घ्यावी आणि खोलीनिहाय ताडून बघावी.

दुसरं काम निर्लेखनाचं, म्हणजे खोली दप्तरातून रीतसर कमी करून घेण्याचं. धोकादायक खोली जोवर रीतसर निर्लेखित होत नाही, तोवर ती दप्तरी जिवंत असते आणि तिच्या जागी नवी मंजूर व्हायला अडतं. समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो, बांधकाम विभागाचे अभियंता पाहणी करून अहवाल देतात. अर्जात "शाळा मोडकळीस आली आहे" असं मोघम लिहू नका. असं लिहा: "खोली क्र. 3, आतून अमुक बाय अमुक फूट, बांधकाम वर्ष अमुक, ईशान्य कोपऱ्यात स्लॅबचं प्लास्टर निसटून सळया उघड्या, गंजून पापुद्रे सुटतात, तुळईला आडवी भेग." सोबत तारखेसह फोटो. असा अर्ज आला की पाहणी टाळणं अवघड जातं.

दोन खड्डे सांभाळा. खोली स्वतःहून पाडू नका, कौलं, वासे, लोखंड ही सरकारी मालमत्ता आहे आणि तिचा रीतसर लिलाव लागतो. आणि गंजलेल्या सळयांवर नुसतं प्लास्टर चढवून घेऊ नका. गंज फुगतो, प्लास्टर पुन्हा सुटतं, आणि नुकताच दुरुस्तीखर्च झालेली खोली निर्लेखित करायची म्हटली की आक्षेप निघतो.

सातबारा
जागेचा कागद आत्ताच काढा. सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 (मालमत्ता नोंदीचा उतारा). बऱ्याच वाड्यांवर जागा कुणीतरी तोंडी दान दिलेली असते, बक्षीसपत्र झालेलंच नसतं. मग मंजूर झालेलं काम वारसांच्या हरकतीने थांबतं आणि निधी दुसऱ्या शाळेकडे वळतो. गायरान असेल तर तहसीलला आधी विचारा, त्याला वेळ लागतो.

आराखडा
न्याय्य वाटपाचा मुद्दा मांडायचा तर तुलना हवी. माहिती अधिकारात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे मागा: "गेल्या तीन वर्षांत तालुक्यातील शाळांना मंजूर झालेल्या नवीन वर्गखोल्या व विशेष दुरुस्तीची शाळानिहाय, लेखाशीर्षनिहाय यादी, रकमेसह, आणि निवडीचा प्राधान्यक्रम." लेखाशीर्ष म्हणजे पैसा ज्या सरकारी खात्यातून येतो ते. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील.

यादी हाती आली की एका पानाचा तक्ता करा: शाळा, पट, वापरण्याजोग्या खोल्या, एका खोलीमागे मुलं, मंजूर रक्कम. तुमच्या शाळेत एका खोलीत 34 मुलं आणि तीही दोन-तीन इयत्तांची, हे त्या तक्त्यात आपोआप उठून दिसेल. मोठ्या शाळेवर तक्रार मात्र करू नका, तिथल्या मुलांनाही खोल्या लागतातच. "प्राधान्यक्रमाचा निकष काय आणि त्यात आमचा क्रमांक कितवा" एवढंच लेखी विचारा.

तक्ता जायला हवा जिल्हा नियोजन समितीपर्यंत, कारण समग्र शिक्षाखेरीज खोल्यांचा आणि विशेष दुरुस्तीचा मोठा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. अध्यक्ष पालकमंत्री असतात. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा दिवाळीच्या आसपास आकार घेऊ लागतो, मार्चमध्ये धावपळ करून हाती काही लागत नाही. शिवाय आधीच्या अपूर्ण कामांचं दायित्व अगोदर वजा होतं, उरलेल्यात नवी कामं. आदिवासी उपयोजना क्षेत्र असेल तर त्याचं लेखाशीर्ष वेगळं, तिथेही स्वतंत्र मागणी लावा.

वाडीवरची आई
मनापासून आभार. यू-डायसची प्रत मागवते. ग्रामपंचायतीचं कुणी सांगाल का? सरपंच मदतीला तयार आहेत.

ग्रामसभा
सरपंच तयार असले तरी पूर्ण खोलीची आशा ग्रामपंचायतीकडून धरू नका. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यातून मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, हातधुणी होतात. कुंपण, किरकोळ दुरुस्ती अबंधितातून. पण काम गावाच्या विकास आराखड्यात असायला हवं, म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत लगेच मागा. शाळेचं संयुक्त अनुदान 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपये असतं. ते खडू-वीजबिलातच जातं, त्यात स्लॅब बसत नाही.

मोजमाप पुस्तक
एक राहिलं. समितीचा तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बंधनकारक आहे, खोल्यांची मागणी त्यात असलीच पाहिजे. एवढं करूनही दाद लागली नाही तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तोवर पडक्या खोल्यांना कुलूप घालून दारावर फलक लावा. मुलं समाजमंदिरात बसवणार असाल तर ठरावात "तात्पुरती सोय, नवीन खोल्या मिळेपर्यंत" असे शब्द हवेतच. नाहीतर पर्यायी जागा उपलब्ध आहे म्हणून तुमची मागणी खाली ढकलली जाते.