भाचीला एचआर करायचंय, घरात दोन तट पडलेत

सुरसागरकाठचा मामा
भाचीचं बी.कॉम. झालं, आपल्याच बडोद्याच्या एमएसयूमधून, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठातून. ताई म्हणते सीए कर, निदान बँकेच्या परीक्षा तरी दे. मुलीचं मात्र ठरलंय: फतेहगंजच्या सोशल वर्क फॅकल्टीत एमएचआरएम, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदवी. का, तर "मामा, मला माणसांत काम करायला आवडतं." रविवारी सेव-उसळ खाताना मी तिची बाजू घेतली, तर ताईनं मला दुसरा पाव वाढला नाही. मी जन्मभर औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये काढलेला माणूस. एचआर म्हणजे दिवाळीला मिठाईचा डबा आणि एरवी मेमो, एवढीच माझी ओळख. पण मकरपुरा, नंदेसरी, सावली, हालोल एवढी कारखानदारी आजूबाजूला असताना पोरगी उपाशी राहणार नाही असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

बी शिफ्ट
चुकताय मामा. एकवीस वर्षं मशीनवर आहे, एचआरचे साहेब माणसांत फक्त कुणाला काढायचं असलं की दिसतात. 2023 साली माझ्या शेजारच्या प्रेसवर एका हेल्परची दोन बोटं गेली. ठेकेदाराचा माणूस, दाहोदकडचा. दर महिन्याला पगारातून ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे पैसे कापले जात होते आणि दवाखान्यात गेल्यावर कळलं की विम्याचा नंबर काढलेलाच नाही. मी स्वतः केबिनमध्ये गेलो. मॅडम चांगल्या होत्या, पाणीसुद्धा विचारलं. म्हणाल्या, "तो आपल्या रोलवर नाही ना." मॅडमनाही माणसांत काम करायला आवडत असणार.

आयटीवाला अलकापुरी
भावना बाजूला ठेवून हिशोब सांगतो. पगार, रजा, हजेरी सगळं सॉफ्टवेअरवर गेलं. भरती एजन्सीकडे, अर्जांची पहिली चाळणी मशीन करतं. राहिलं काय? आणि खर्च कापायची वेळ आली की जो विभाग माल बनवत नाही आणि विकत नाही, त्याच्यावर आधी नजर जाते. करायचंच असेल तर जमशेदपूरचं एक्सएलआरआय किंवा मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) गाठावं. तिथलं नाव विकलं जातं. नाहीतर सीए. ताईंचं बरोबर आहे.

पगारपत्रक
अकरा वर्षं हेच काम करतेय, म्हणून लांब लिहिते.

बी शिफ्टभाऊ, "रोलवर नाही", म्हणजे कंपनीच्या पटावर नाही, हे उत्तर कायद्यानं चूक आहे. ठेकेदारानं ईएसआय भरलं नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. 21,000 पर्यंत पगार असलेल्याचे 0.75 टक्के त्याच्याकडून आणि 3.25 टक्के मालकाकडून जायलाच हवेत. मॅडमना हे ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक असून त्या गप्प बसल्या. दोन्ही वाईटच.

माझ्या टेबलावर महिन्याला काय होतं सांगते. ठेकेदाराचं बिल येतं. मी पीएफ आणि ईएसआयची चलानं मागते आणि गेटवरच्या हजेरीशी एकेक नाव जुळवते. मागे एकदा गेटवर 43 माणसं होती, चलानात 31. बिल अडवलं. दुपारपर्यंत वरून तीन फोन: "बेन, प्रॉडक्शन अडेल, सही करून टाका ना." मी केली नाही. चौथ्या दिवशी बाराही नावं चढली. मामा, एचआर म्हणजे हे. भाचीला विचारा, माणसं आवडतात ते ठीक, पण आकडे जुळेपर्यंत जेवायला न उठणं जमेल का? बी.कॉम. आहे म्हणजे निम्मं काम झालंय.

आणि आयटीवाले, 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. भत्त्यांचा फुगारा करून मूळ पगार लहान दाखवायची सोय गेली, कारण भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ठरावीक मुदतीच्या नोकरीत ग्रॅच्युइटी पाचऐवजी एका वर्षानं. नोकरी सोडणाऱ्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार?

आयटीवाला अलकापुरी
सॉफ्टवेअरला एकदा सांगितलं की पाचशे कंपन्यांना पुरतं, मॅडम. तुम्ही सही अडवली, मान्य. पण तुमच्यासारखे किती? बाकीच्यांच्या जागी चलान आणि हजेरी जुळवणारं मशीन बसलं तर त्या हेल्परचं भलंच होईल.

मांजलपूरची सून
मी एमएचआरएम केलंय, दोन नोकऱ्याही झाल्या. पहिल्या नोकरीत मुलगी म्हणून मला वाढदिवसाचे केक, रांगोळी स्पर्धा आणि नवरात्रीत गरब्याचे पास वाटायचं काम. माझ्याच बॅचचा मुलगा युनियनच्या बैठकीला जायचा. पहिल्या दिवसापासून प्लांट मागा, नाहीतर पास वाटत बसाल.

जुना पर्सोनेल
1948 च्या फॅक्टरी कायद्यात पाचशे किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा होता, मी तोच होतो. आता नव्या संहितेत अडीचशेला आणलाय. खोट पहिल्यापासूनची आहे: काम कामगाराच्या कल्याणाचं, पगार मालकाचा. नंदेसरीला एकदा पगारकरारावर पहाटे तीनपर्यंत बसलो होतो. रक्कम ठरली, अडलं एका शब्दावर. आमच्या मसुद्यात "देण्यात येईल", युनियनवाल्याला "देय राहील" हवं, म्हणजे हक्कानं मागता येईल. चहाचे चार कप गेले. शेवटी "देय राहील" लिहिलं आणि सकाळी मालकाच्या शिव्या खाल्ल्या. दोन वर्षांनी तोच शब्द लेबर कोर्टात कामगारांच्या कामी आला. हे मशीननं केलं असतं का, मला सांगता येत नाही. मालकानं मला ठेवलं, हे नवलच.

सुरसागरकाठचा मामा
भाचीनं सगळं वाचलं. सीए की एचआर यावर अवाक्षर नाही. एवढंच विचारलं, "मामा, त्या हेल्परचं पुढे काय झालं?"

बी शिफ्ट
ठेकेदारानं हातावर काहीतरी टेकवलं, गावी गेला. फोन लागत नाही.

पगारपत्रक
नोंदणी नसली तरी ईएसआय कॉर्पोरेशन लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. उशीर झालाय, पण विचारायला काय जातं? पैसे कापल्याचा कागद हवा मात्र.

बी शिफ्ट
पगाराच्या चिठ्ठ्या तो माझ्या लॉकरमध्ये ठेवायचा, त्याला लॉकर नव्हता. असतील अजून. उद्या शिफ्टला गेलो की बघतो.