डिपर गेला, अप्पर चालू, नवीन बल्ब टाकूनही तेच! काय बघू?

रंकाळाकाठचा
मंडळी जरा मदत करा. 2012 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. परवापासून ड्रायव्हर साइडच्या हेडलाइटचा डिपर (खाली, जवळ पडणारा उजेड) लागत नाहीये, अप्पर (लांब पडणारा) मारला की तोच लाइट झक्क लागतो. डावीकडे दोन्ही ओके. वाटलं बल्ब गेला म्हणून नवीन एच4 आणून टाकला तरी ढिम्म. फ्यूज काढून बघितला, शाबूत आहे. गंमत म्हणजे काल गाडी खड्ड्यात आदळली आणि डिपर आपोआप लागला, पाच मिनिटं राहिला आणि परत गुल. वायरिंगवाल्याकडे गेलो तर म्हणतो पुढची अख्खी वायरिंग बदलायला लागेल, साडेतीन हजार. शनिवारी गणपतीला गावी कणकवलीला जायचंय, राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाटाने, दुकान बंद करून निघणार म्हणजे रात्रच होणार. अप्पर लावूनच जाऊ का सरळ?

घाटातला_भिडू
अप्पर लावून अजिबात जाऊ नका भाऊ. समोरच्याचे डोळे दिपणार ते दिपणार, धुकं असलं तर तुम्हालाही पुढं नुसती पांढरी भिंत दिसणार. दाजीपूरच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात, काळं जनावर, पार जवळ आल्याशिवाय कळत नाही. आणि उजवाच लाइट बंद असला की समोरच्याला वाटतं मोटरसायकल येतेय, तो बिनधास्त मधे येतो, तुमची अर्धी गाडी त्याला दिसतच नाही. माझा आरसा असाच गेलाय, थोडक्यात वाचलो. दिवसाउजेडी निघा नाहीतर आधी दुरुस्त करा.

टर्बो_बंड्या
एलईडी टाका दोन्हीकडे, विषय संपला 😎

वायरिंगकाका
बंड्या, करंटच पोचत नसेल तर एलईडी काय हवेवर लागणार आहे का? आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमधे एलईडी टाकला की उजेड वाट्टेल तिकडे फाकतो, समोरून येणारे शिव्या घालत जातात.

रंकाळाकाठचा, पैसे देऊ नका अजून. तुमच्या पोस्टमधेच निम्मं उत्तर आहे बघा. एच4 मधे एकाच काचेत दोन फिलामेंट, मागं तीन पिना, एक डिपरची, एक अप्परची, एक दोघांची कॉमन. त्याच बल्बचा अप्पर झक्क लागतोय म्हणजे कॉमन वायर ठीक. डावीकडचा डिपर लागतोय म्हणजे स्विच आणि रिलेवरही सहसा संशय नको. राहिलं काय? उजव्या होल्डरमधली डिपरची पिन आणि तिथवर आलेली वायर. त्यात खड्ड्यात आदळून लागला म्हणताय म्हणजे लूज कनेक्शन, मी तर होल्डरवरच पैज लावतो.

लाइट बंद करा, बल्ब गार होऊ द्या, मागचा कपलर (म्हणजे तोच होल्डर) ओढून काढा (वायरला धरून ओढू नका, प्लास्टिकला धरा) आणि उन्हात नेऊन तिन्ही भोकांत बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, आतलं थिंबल (पिनेला धरणारी पत्र्याची क्लिप) काळं पडलंय किंवा सैल झालंय का ते सांगा. मीटर लावून 12 व्होल्ट दाखवतोय म्हणून खूश होऊ नका, जळक्या जॉइंटमधूनही मीटरपुरते व्होल्ट येतात, बल्बचा साडेचार-पाच अँपिअरचा लोड आला की सगळे गायब. म्हणून टेस्ट करायची तर दुसरा हेडलाइट बल्बच दोन वायरी जोडून कपलरच्या कॉमन आणि डिपर पिनांत लावायचा, बॉडीला अर्थ धरून नको, कारण बऱ्याच गाड्यांत कॉमनला प्लस असतो आणि स्विच मायनसच्या बाजूला, तिथं माणूस हमखास गोंधळतो.

आणि एक, आधीच्या मालकाने जास्त वॅटचे बल्ब टाकले होते का?

रंकाळाकाठचा
काका, पाया पडतो! कपलर काढला तर डिपरच्या भोकापाशी प्लास्टिक वितळून चॉकलेटी झालंय, थिंबल कोळशासारखं काळं. काढलेला जुना बल्ब कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढला, त्याच्या कडेला 100/90 लिहिलंय. नवीन आणलाय तो 60/55 आहे. म्हणजे दोन वर्षं मी असंच फिरत होतो आणि वर मित्रांना सांगत होतो आपल्या गाडीचा उजेड बघा कसा पडतोय.

वायरिंगकाका
तेच. कंपनीची वायर 60/55 च्या, म्हणजे अप्पर 60 वॅट आणि डिपर 55 वॅटच्या हिशेबाची असते. 90 वॅटचा डिपर म्हणजे करंट दीडपटीच्या वर आणि जॉइंटवरची गरमी अडीचपटीच्या पुढं. थिंबल तापून सैल होतं, सैल झालं की आणखी तापतं. सिरॅमिकचा एच4 होल्डर मागा, वायरीसकट मिळतो. वायरचा कडक झालेला भाग तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापा आणि जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा, नुसती पीळ मारून चिकटपट्टी नको, पावसाळा आहे. कापायच्या आधी कुठली वायर कुठल्या पिनला त्याचा फोटो काढून ठेवा. बल्बच्या काचेला बोट लागलं असेल तर स्पिरिटने पुसा, बोटाचं तेल राहिलं तर तिथंच काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

रंकाळाकाठचा
झालं!! होल्डर 140 रुपये, सोल्डरिंग शेजारच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडून करून घेतलं, त्याने चहावर भागवलं. डिपर लागला पण आता उजवीकडचा उजेड समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर जातोय, तिथल्या आजी गॅलरीत येऊन बघून गेल्या. हेडलाइट वरखाली करायचा स्क्रू फिरवू का?

घाटातला_भिडू
स्क्रूला हात लावू नका! बल्ब नीट बसला नाहीये. त्याला तीन कान असतात, एकाच पद्धतीने बसतो. रबर कॅप काढा, स्प्रिंग सोडा, बल्ब परत बसवा.

रंकाळाकाठचा
खरंच की, एक कान खाचेच्या बाहेर होता. आता भिंतीवर दोन्हीकडची रेष एका उंचीवर आली. डाव्या बाजूला अजून तोच 100/90 आहे, गावाहून आल्यावर बदलला तर चालेल ना?

वायरिंगकाका
नाही. आजच बदला आणि त्या बाजूचा कपलरही उघडून बघा.